बेचाळीस मैल

मागच्या दिवाळीच्या आधी वाड्यावरून निरोप आला. मालकांच्या घरात वाटण्या झाल्या होत्या. वाड्याचं माळवद गळायला लागलेलं, मागची पडवी पाडायची ठरली होती. मालकांचा नातू त्यासाठी पुण्याहून आला होता. त्यानं फोन केला, "काका, जरा येऊन जा. पडवीत आजोबांची मोटार निघाली आहे. तुमचे अण्णाच चालवायचे ना ती? तुम्हाला काही माहीत असेल."

मला काही माहीत नव्हतं. अण्णा एकेकाळी वाड्यावर डायव्हर होते आणि नंतर नव्हते, एवढंच. मला कळायला लागलं तेव्हा ते दुसऱ्याच्या वावरात सालानं राबत होते. पुढं आमच्या चार एकर कोरडवाहूत. घरात कुणी मोटारीचा विषय काढला तर अण्णा उठून बैलांना पाणी दाखवायला जात. बैल नुकतेच पाणी पिऊन उभे असले तरी जात.

पडवीत गेलो तर आधी मोटार दिसलीच नाही. तुराट्यांचे भारे, मोडका पाळणा, दोन कणग्या, भुसकटाची पोती. हे सगळं बाहेर काढायला चार माणसांना दुपार झाली. मग खालून एक काळी गोल पाठ निघाली. चारी चाकं बसलेली, टायरला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा. पुढच्या काचेवर बोटभर धूळ. मागच्या सीटात उंदरांनी पिढ्यानपिढ्या संसार केलेला. अंबाजोगाईहून एक मिस्त्री बोलावला होता. तो बॉनेटवरचं नाव फडक्यानं पुसत म्हणला, "लँडमास्टर."

अँबेसेडर सगळ्यांना ठाऊक आहे, लँडमास्टर आता कुणाच्या ध्यानात नाही. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना होता. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून त्यांनी १९५४ साली ही लँडमास्टर काढली. तीन-चार वर्षांतच तिच्या जागी अँबेसेडर आली आणि ती मात्र २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणजे ही अँबेसेडरची थोरली बहीण, अल्पायुषी.

मिस्त्रीनं आत डोकं घालून मीटरची काच पुसली. बघितलं. पुन्हा पुसली, पुन्हा बघितलं. आकडा होता ०४२६३.

"मामा," तो मला म्हणला, "ही तर हळदीतली नवरी हाय. सासरी नांदलीच न्हाई."

नातवाचा विश्वास बसेना. जुन्या मीटरला पाचच आकडे असतात, लाख पुरे झाले की पुन्हा सगळे शून्यावर येतात. मग ही गाडी लाख मैल पळून वर चार हजार झालेली नसेल कशावरून? किंवा मीटरची तार कुणी काढून ठेवली असेल. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक तार फिरत येते, ती सोडली की गाडी पळते आणि मीटर झोपून राहतो. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात हा धंदा जुनाच आहे.

मिस्त्री हुशार. त्यानं मीटर बाजूला ठेवला आणि गाडीची साक्ष काढायला बसला. आधी पायातल्या पेडलांचं रबर पाहिलं. क्लचच्या रबरावरच्या रेघा जशाच्या तशा होत्या. लाख मैल पाय पडला असता तर रबर गुळगुळीत होऊन खालचं लोखंड दिसलं असतं. डायव्हरच्या बाजूचं दार हातानं वरखाली हलवून पाहिलं, बिजागरी ढिली नव्हती. डिकीतून स्टेपनी काढली. तिच्या रबरावर नव्या टायरला असतात ते बारीक केस अजून होते. रबर वाळून कडक झालेलं, पण केस होते. "माणूस खोटं बोलंल, मीटर खोटं बोलंल," मिस्त्री म्हणला, "स्टेपनी न्हाई बोलत."

४२६३ मैल म्हणजे किलोमीटरमध्ये सात हजाराला थोडे कमी. एसटीचा डायव्हर एवढं महिन्याभरात चालवतो.

नातू खूष झाला. त्यानं फोटो काढले, पुण्याला पाठवले. म्हणाला, "आजोबांनी किती जपली असेल बघा! इतकी वर्षं गाडी ठेवायची आणि वापरायची नाही, याला केवढी आवड लागते."

मी मान हलवली. मलाही तेच वाटलं होतं.

घरी आल्यावर मी अण्णांची पत्र्याची पेटी खाली घेतली. अण्णांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. पेटीत खासरा पाहणीची नक्कल, लेव्हीच्या पावत्या, आणि एक लहान लांबट वही. ही वही मी अनेकदा पाहिली होती. ती उर्दूत होती म्हणून मिटून ठेवली होती.

नव्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, की बीड जिल्ह्यातल्या मराठी शेतकऱ्याचा हिशेब उर्दूत असायचा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाचा. कचेरी उर्दू, कोर्ट उर्दू, वरची शाळा उर्दू. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तेसुद्धा उर्दूतून शिकवणारं. अण्णा चार यत्ता शिकले, त्यातल्या शेवटच्या उर्दूत. अंक तर ते मरेपर्यंत उर्दूतच मांडत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८, या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला. १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. हे सगळं चांगलंच झालं. पण एक पिढी अशी राहिली की तिनं लिहिलेलं तिच्याच पोरांना वाचता येत नाही.

अण्णा मोटारीत शिरले तेही निजामाच्या राज्यातच. निजामाच्या रेल्वेनं १९३२ साली मोटारींचं खातं काढलं. सुरुवातीला २७ बसगाड्या आणि १६६ माणसं. गाड्या स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या. पुढं हे खातं वाढत गेलं, आणि त्यातलाच आमच्याकडचा भाग नंतर महाराष्ट्राच्या एसटीत मिसळला. त्या खात्याच्या मोटारीवर अण्णा किन्नर म्हणून लागले. किन्नर म्हणजे क्लीनर, आमच्याकडं तसंच म्हणतात. हँडल मारायचं, पाणी भरायचं, टपावर बोचकी बांधायची, आणि डायव्हर जेवायला उतरला की त्याच्या जागेवर बसून बघायचं. असं बघून बघून अण्णा गाडी शिकले.

त्यांच्या बापाची, म्हणजे माझ्या आज्याची, मोटारीशी ओळख वेगळी होती. त्या काळी कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणत. तालुकदारसाहेबाची मोटार दौऱ्यावर यायची असली की चार दिवस आधी चावडीवरून पुकारा व्हायचा. घरटी एक माणूस रस्त्यावर. खड्ड्यात मुरूम टाकायचा, बाभळीच्या फांद्या तोडायच्या. मजुरी नाही, वेठच. आजा सांगायचा, "मोटार गेली तवा आमी पाठ फिरवून हुबे. डोळ्यात धूळ जाती म्हनून." चार दिवस ज्या मोटारीसाठी राबला, ती त्यानं धड पाहिलीही नाही.

हे मला नीट समजलं ते हैदराबादला. आठ-नऊ वर्षांखाली आम्ही तालुक्यातले काही शेतकरी पाटणचेरूच्या इक्रिसॅटला गेलो होतो. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांच्यावर तिथं १९७२ पासून काम चालतं. बियाणं बघून झालं, एक दिवस हातात होता. बाकीचे मोत्यांच्या बाजारात गेले. मी आणि आमच्याच शिवेवरचा एक जण चौमहल्ला राजवाडा बघायला गेलो. निजामाचा दरबार भरायचा ती जागा. तिथं जुन्या बग्ग्या आणि मोटारी मांडून ठेवल्या आहेत. त्यात एक पिवळी रोल्स रॉइस आहे.

गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेलं सिंहासन. सिल्व्हर घोस्ट जातीची. सहावा निजाम मीर महबूब अली खान यानं ती विलायतेत करायला टाकली. लंडनच्या बार्कर कंपनीनं तिची बॉडी बांधली. पण ती हाती यायच्या आधीच, १९११ च्या ऑगस्टात तो वारला. गाडी आली ती त्याच्या मुलाच्या, मीर उस्मान अली खानच्या नशिबी. मागची बैठक उंच, जरीच्या कापडानं मढवलेली, वर घुमटासारखं छत. राजा आत बसला तरी रस्त्यावरून दिसावा अशी. रंग पिवळा, कारण पिवळा हा आसफजाही घराण्याचा रंग. त्यांच्या झेंड्यावर मधोमध भाकरीसारखा एक गोल असे, तो कुलचा. मूळ पुरुषाला एका अवलियानं कुलचे खायला घालून राज्याचा आशीर्वाद दिला, अशी त्यांची कथा.

तिथल्या माणसानं सांगितलं, की ही गाडी एवढ्या वर्षांत फक्त ३५६ मैल चाललेली आहे.

माझ्या सोबत्यानं हिशेब केला. आमच्या गावापासून हैदराबाद पावणेचारशे किलोमीटर. ३५६ मैल म्हणजे पावणेसहाशेच्या आत. "म्हंजी बग," तो म्हणला, "आपल्या गावाला आली असती, आन् माघारी जाताना अर्ध्या वाटंत बंद पडली असती." आम्ही दोघं हसलो. पण ती आमच्या गावाला काही आली नाही. सणासमारंभाला निघायची, मिरवायची, परत जागेवर. हा निजाम जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून अमेरिकेच्या टाइम मासिकानं २२ फेब्रुवारी १९३७ ला त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. आणि तो स्वतः मळक्या टोपीत, जुन्या खटारा गाडीतून हिंडायचा असं तिथले लोक सांगतात. खरंही असेल. चालवायची गाडी वेगळी आणि पूजायची वेगळी.

त्या गाडीपुढं उभं राहून मला आजा आठवला, पाठ फिरवून उभा. राग आला असं नाही म्हणणार. गाडी देखणी आहे, ठेवणाऱ्यांनी फार चांगली ठेवली आहे. हैदराबादलाच बस भवनात ती पहिल्या काळातली एक आल्बियन बसही जपून ठेवलेली आहे असं कळलं, पण तिकडं जायला वेळ उरला नाही. ती बघायला हवी होती. अण्णांनी तसलीलाच हँडल मारलं असेल.

वाड्यातली मोटार निघाल्यावर माझ्या नातीला या विषयाचं वेडच लागलं. ती रोज मोबाईलवर एकेक गाडी काढून दाखवायची. त्यातल्या दोन माझ्या डोक्यात बसल्या.

एक अमेरिकेतलीच, नेब्रास्का म्हणून मक्याचा मुलूख आहे तिथली. पिअर्स नावाचं लहान गाव. तिथं नवरा-बायको मिळून शेवरलेट गाड्यांचं दुकान चालवत. वर्षाअखेर जी गाडी विकली नाही ती हा माणूस पडत्या भावानं काढायचा नाही, लावून ठेवायचा. असं करत पन्नास वर्षं गेली. २०१३ च्या सप्टेंबरात गावाबाहेरच्या रानात लिलाव झाला तेव्हा पाचशेच्या घरात गाड्या निघाल्या, आणि त्यातल्या पन्नासेक अशा की मीटरवर दहा मैलसुद्धा नाहीत. १९५८ सालचा एक लहान ट्रक सव्वा मैलाच्या वर थोडासा चाललेला. तो १ लाख ४० हजार डॉलरला गेला. आमच्याकडं भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवणारे आहेत. त्यांना हा माणूस लगेच कळेल.

दुसरी टल्सा गावची. ओक्लाहोमा प्रांतात. १९५७ च्या १५ जूनला त्या लोकांनी एक कोरी प्लिमथ मोटार चक्क जमिनीत पुरली. सिमेंटचा हौद करून त्यात उतरवली, वर झाकण. पन्नास वर्षांनी काढायची. पुढं पेट्रोल मिळतं न मिळतं म्हणून सोबत पेट्रोलही पुरलं. २००७ साली गावची लोकसंख्या किती असेल याचा अंदाज लोकांकडून घेतला. ज्याचा सगळ्यात जवळ येईल त्याला मोटार. २००७ च्या १५ जूनला हजारो लोकांपुढं झाकण उघडलं. आत पाणी शिरलं होतं. मोटार तांबेऱ्यानं खाल्लेल्या गव्हासारखी लाल. अंदाज जिंकलेला माणूसही तोवर वारलेला, ती त्याच्या बहिणींना मिळाली.

मी नातीला म्हणलं, हे आमच्या पेवासारखंच झालं. आमच्याकडं ज्वारी जमिनीखाली पेवात ठेवायची पद्धत होती. पेव चांगलं असलं तर ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पण एका पावसाळ्यात कुठून पाण्याला वाट मिळाली, की वरून काही दिसत नाही आणि आत सगळं काळं होतं. ठेवलेली वस्तू राहतेच असं नाही. मोटारीचं तर उलटं. उभी राहिली की सडते. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये आटून डिंक होतो, सिलिंडरला गंज धरतो, रबराची सीलं वाळतात. बैल आठ दिवस बांधून ठेवला तर पाय धरतो, तसंच.

म्हणून मला वहीची हुरहूर लागली. ही गाडी ४२६३ मैलांवर का थांबली?

अंबाजोगाईला एक म्हातारे निवृत्त मास्तर आहेत, उर्दू आणि मोडी दोन्ही वाचतात. जमिनीच्या भांडणात लोक त्यांच्याकडं जुने कागद घेऊन जातात. मी वही नेली. त्यांनी चष्मा चढवला आणि हसले. "तुमचे वडील फार नेटके हो. प्रत्येक खेपेला निघताना मीटर, आल्यावर मीटर, कुठं गेले, पेट्रोल किती गॅलन." पहिली नोंद १९५५ ची, हैदराबाद ते गाव, २३८ मैल. गाडी तिथूनच आणली होती. मग बीड, केज, कचेरीचं काम, लातूर, तुळजापूर, एकदा पंढरपूर, मालकांच्या लेकीचं लग्न. पावसाळ्यात गाडी हलत नसे, काळ्या मातीत चाक रुतायचं. तिथं वहीत तीन-तीन महिने कोरे. मास्तर वाचत गेले, मी मांडत गेलो. शेवटची नोंद जून १९६१ ची. गाडी वाड्यात लावली, मीटर ४२२१.

मी म्हणलं, "मास्तर, एकदा परत बघा. गाडीवर त्रेसष्ट आहे. बेचाळीस सैंशे त्रेसष्ट."

त्यांनी पुन्हा पाहिलं. एकवीसच होते. पुढची पानं कोरी.

बेचाळीस मैल कमी. गॅलनाचा पाव हिस्सासुद्धा लिहून ठेवणारा माणूस बेचाळीस मैल विसरेल? येताना एसटीत बसलो आणि पाट्या बघता बघता लक्षात आलं. आमच्या गावापासून अंबाजोगाई चौतीस किलोमीटर. म्हणजे एकवीस मैल. जाऊन येऊन बेचाळीस.

गावात सगळ्यांत वयस्क एक तात्या आहेत, नव्वदीच्या पुढचे. ऐकू कमी येतं, बाकी शुद्धीत. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि विचारलं, अण्णांनी मालकांची मोटार एकदा अंबाजोगाईला नेली होती का?

तात्या माझ्याकडं बघत राहिले. "तुला ठावं न्हाई? आरं, समद्या गावाला ठावं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

आषाढातली झड लागली होती. मालक पंढरीला गेलेले, वारीला, दिंडीबरोबर. मोटार वाड्यात, चावी अण्णांकडं. महारवाड्यात एक बाई अडली होती. (तेव्हा त्या वस्तीला सगळे तसंच म्हणत. आता भीमनगर आहे.) दोन दिवस झाले, मूल येईना, सुईणीनं हात टेकले. बैलगाडीनं अंबाजोगाई म्हणजे त्या चिखलात पुरी रात्र, आणि बाई रात्र काढील असं दिसत नव्हतं. तिचा नवरा वाड्याच्या मागच्या दाराशी येऊन नुसता उभा राहिला. मागितलं काहीच नाही. मोटार मागायची असते हे त्याच्या मनातही नसेल. अण्णांनी कंदील घेतला आणि मोटार काढली. पांदीतून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत चार माणसांनी ढकलली. मागच्या सीटवर ती बाई, तिची सासू, पुढं नवरा. उजाडायच्या आत अण्णा परत आले. विहिरीवर गाडी धुतली, सीट पुसली, लावून टाकली.

मालक चार-पाच दिवसांनी आले. सांगायला कुणी गेलं नाही आणि कळायचं राहिलं नाही. तात्या म्हणले, "वरडले न्हाईत. तसे ते वरडणारे नव्हतेच. ढाळजेत बसले, तुज्या बापाला म्हनले, चावी खुटीला लाव." एवढंच. नंतर गोमूत्र शिंपडून झालं. तरी घरातल्या बायकांनी त्या गाडीत बसायचं नाकारलं. मालक स्वतःही बसले नाहीत. विकावी तर गिऱ्हाइकानं कारण विचारलं असतं. तिसऱ्या वर्षी त्यांनी जीप घेतली, दुसरा डायव्हर ठेवला. लँडमास्टर पडवीत ढकलली आणि वर तुराट्या रचल्या.

घटनेनं अस्पृश्यता बंद करून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. १९५५ चा कायदाही होता. मालक शिकलेले होते, त्यांच्या घरी पेपर यायचा, कायदा त्यांनी वाचलेला असणार. मी त्यांना क्रूर नाही म्हणणार. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बळदातली ज्वारी वाटली, त्यात आमच्याही घरी आली. पण ही गोष्ट त्यांनी केली, आणि आमचे अण्णा त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं जगले आणि कधी कुठल्या स्टेअरिंगवर बसले नाहीत. मी ट्रॅक्टर घेतला, त्याच्यावरसुद्धा नाही.

मला राहून राहून ती पिवळी गाडी आठवते. तिच्यात बसायला निजामाहून मोठं कुणी नव्हतं म्हणून ती उभी. ही उभी, कारण तिच्यात एकदा एक बाई बसली.

नातवाला मी सांगितलं. सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. तो शहरात वाढलेला, चांगला पोरगा आहे. ऐकून बराच वेळ मोबाईलशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "काका, गिऱ्हाईक ठरलंय. पुण्याचे आहेत, जुन्या गाड्या जमवतात. त्यांना मी सांगितलं होतं, आजोबांनी जीवापाड जपलेली गाडी." मी म्हणलं, "मीटर खरा आहे. तेवढं सांग." त्यानं पुढं काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

एक फोन मात्र मी केला. त्या रात्री झालेली मुलगी अंबाजोगाईलाच असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तरीण म्हणून रिटायर झाली. माझ्याच वयाची. तिची आई वाचली होती, चांगली ऐंशीच्या घरात जाऊन वारली. बाई दुसऱ्या दिवशी आल्या, बरोबर नातू. वाड्याच्या मागच्या दारानं यायला लागल्या तर मालकांचा नातू धावत गेला आणि म्हणाला, "ताई, इकडून, पुढून या." त्या पुढून आल्या.

गाडी तोवर धुऊन काढली होती. मिस्त्रीनं प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं होतं, आणि आठ दिवस रोज थोडं थोडं हँडल हलवून इंजिन मोकळं केलं होतं. चालू झालं नव्हतं, पण फिरत होतं. बाईंनी गाडीला एक फेरी मारली. मग मागचं दार उघडून आत वाकल्या आणि काच खालीवर करायचं हँडल असतं ना, ते हातात धरलं.

"माय सांगायची दादा," त्या मला म्हणाल्या, "पूर्ण वाटभर हे धरून होते म्हणून. तिला वाटायचं हे सोडलं की गाडी थांबंल."

हँडल घट्ट बसलं होतं, फिरेना. मिस्त्री तेलाची बुदली घेऊन पुढं झाला, पण त्यांनी नको म्हणून हात केला.

"अण्णांनी पैसे घेतले नाहीत. बापानं नंतर दोन पायली ज्वारी नेली होती तुमच्या घरी, ती पण तुमच्या मायनं परत केली."

हे मला नवीन होतं. मी म्हणलं, "मग आमची मायसुद्धा सगळं जाणून होती तर."

"जाणून? दुसऱ्या दिवशी सीटवरचं फडकं तिनंच धुतलं नदीला."

चहा झाला. वाड्यातच झाला, कपबशा सगळ्यांना सारख्याच होत्या. मी बघत होतो, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून ट्रक आला. टायर फिरत नव्हते म्हणून गावातल्या ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरनं लोखंडी दोर लावून गाडी फळ्यांवरून वर ओढली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवे मालक ट्रकबरोबर आले होते, त्यांनी वर चढून काचेतून शेवटचा एकदा मीटर पाहिला, वहीची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली असावी, कारण खाली उतरून मला म्हणाले, "काका, वडिलांची ती वही विकायची का? गाडीबरोबर कागद असले की बरं असतं."

मी नाही म्हणलं. त्यात बेचाळीस मैल कमी आहेत, तुमचा हिशेब जुळायचा नाही, असं सांगितलं. ट्रक निघाला, पांदीच्या वळणापर्यंत दिसला. मीटर अजून ४२६३ वरच असेल, दुसऱ्याच्या पाठीवर बसून गेलेलं त्यात धरत नाहीत.